बलभीम मास्तरांचा आवाज तरणा कसा झाला

आजच्या या सोहळ्याचे अध्यक्ष, आदरणीय कृष्णराज अण्णा. व्यासपीठावर बसलेल्या आपल्या सरपंच राजेश्वरीताई. आजचे सत्कारमूर्ती, येळकोट ब्रास बँडचे मालक, गायक आणि आम्हा सगळ्यांचे मास्तर, श्रीमान बलभीम मास्तर. वर खुर्ची ठेवलेली असूनही खाली बायकांच्या रांगेत जाऊन बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती तुळजाबाई वहिनी. बँडमधले माझे सगळे सोबती. आणि जेवण तयार झालंय हे वासावरून कळूनसुद्धा जागा न सोडलेल्या माझ्या मायबाप बंधू-भगिनींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

कुणाचं नाव राहिलं का? राहिलं असेल तर आत्ताच सांगा. नंतर मला झोप लागत नाही. मागं एका हळदीला नवरदेवाच्या मामांचं नाव घ्यायचं माझ्याकडून राहिलं, तर ते मामा अजून बाजारात दिसले की मी जवळच्या दुकानात शिरतो. मागच्या महिन्यात असाच शिरलो ते बांगड्यांचं दुकान निघालं.

मी व्यंकट. मघाशी सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'ज्येष्ठ वादक' अशी करून दिली. ज्येष्ठ हे खरं आहे, दात बघून कुणीही सांगेल. वादक या शब्दाचा मात्र खुलासा केला पाहिजे, नाहीतर उद्या कुणी घरी येऊन वाजवून दाखवा म्हणेल. मी बँडमध्ये खुळखुळा वाजवतो. दोन हातांत दोन. तान्हं लेकरू रडायला लागलं की आई वाजवते तोच, जरा थोराड. शाळेत मी सातवीपर्यंत गेलो, आणि सातवीत दोनदा गेलो. तिथं काही जमेना म्हणून घरच्यांनी मास्तरांकडं आणून सोडलं. मास्तरांनी आधी क्लॅरिनेट दिलं, त्यातून नुसती हवा आली. मोठा ढोल गळ्यात अडकवला, तर ढोल पुढं आणि वरात मागं राहिली. शेवटी मास्तर म्हणाले, "ह्याच्या हातात असं काय तरी द्या, जे चुकलं तरी कुणाला कळणार न्हाय."

तेव्हापासून मी खुळखुळ्यावर आहे. माझे हात तसेही काळजीनं थरथरत असतात. मास्तरांनी त्या थरथरीत फक्त बिया भरल्या.

आमची नात अक्षदा सोलापूरला कॉलेजात आहे. तिनं परवा मोबाइलवर मला एक जुन्या काळचा गाणारा दाखवला. क्युबा नावाच्या देशातला. पांढराधोट सूट, डोक्याला हॅट, मागं केवढा तरी बँड, आणि बँडचा मालकही तोच. त्याच्या हातात बघतो तर काय, खुळखुळे! नात म्हणाली, "आबा, तिकडं ह्या वाद्याला मोठा मान आहे. आणि तिथं ऊस बी लई पिकतो." मी म्हटलं, मग आपल्याच भागातला देश म्हणायचा. मालक, गायक आणि खुळखुळा तिन्ही एकाच माणसात! आपल्याकडं देवानं वाटणी केली. मालकी आणि गळा मास्तरांना दिला, आणि उरलेलं मला.

असो. आता मुद्द्यावर येतो. यावंच लागेल, खालून वहिनी बघतायत.

मंडळी, आज हा सत्कार झाला की येळकोट बँड बंद होणार. मास्तरांनी तसं आम्हाला पाडव्यालाच सांगितलं. घशाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी गाणं कायमचं बंद केलंय. बाहेर गेटपाशी टेंपो उभा आहे. ढोल, ट्रम्पेट, कर्णे सगळं त्यात चढवून सोलापूरच्या व्यापाऱ्याकडं जायचं आहे. आणि मास्तरांचा मुलगा शिवराज, जो ह्या कार्यालयाच्या मागच्या भिंतीशी मशीनजवळ बसलाय, ज्याच्यामुळं माझा हा चिरका आवाज तुमच्यापर्यंत पोचतोय, तो उद्या सकाळी हैद्राबाद रोडच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून चढणार आहे. बँड मोडू नये आणि शिवराज जाऊ नये, असं आम्हा सगळ्यांना वाटतं. पण मास्तरांपुढं हे बोलायचं कुणी? बँडात त्यावर चर्चा झाली. मी चहा सांगायला बाहेर गेलो होतो. परत येईपर्यंत माझं नाव ठरलं होतं.

काल म्हशीपुढं उभं राहून बोलून बघितलं. म्हैस उठून गेली. म्हणून आज थोडक्यात सांगतो.

मास्तर, मी काही वेडंवाकडं बोलणार नाही. रागावू नका. ... मास्तर वर पंख्याकडं बघतायत. पंखा जरा हलतोय खरा. अध्यक्षांच्या बरोबर डोक्यावर आहे. अण्णा, खुर्ची थोडी अलीकडं घेता का? घ्या. मला बरं वाटेल. हां.

तर मास्तर मूळचे अणदूरचे, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातले. लहानपणी माळावर गळा मोकळा सोडून गायचे. त्यांनी तान घेतली की दुसऱ्याची मेंढरंसुद्धा चरायचं सोडून ह्यांच्या कळपात येऊन उभी राहायची. त्यावरून भांडणं व्हायची. लोक त्यांच्या वडिलांकडं तक्रार घेऊन यायचे, "तुमच्या बलभीमाला म्हणावं, गाणं थांबव, न्हाय तर आमची मेंढरं निवडून दे." खंडोबाच्या जागरणात बसून बसून त्यांचा कान तयार झाला. मग सोलापूरला एका बँडमध्ये झांज वाजवायला राहिले. एके दिवशी तिथला गाणारा मांडवातच रुसून बसला. नवरदेव घोड्यावर आणि माइक रिकामा. झांजवाल्या पोरानं माइक धरला. त्यानंतर त्या गाणाऱ्याला रुसायची सोय राहिली नाही.

गावी येऊन त्यांनी येळकोट बँड काढला. लाल कोट, सोनेरी झालर, छातीवर बिल्ले. ते बिल्ले कशाबद्दल मिळाले असं एका पाहुण्यानं मला विचारलं होतं. मी म्हटलं, दुकानात डझनानं मिळतात.

पण आवाज, मंडळी! तुमच्यातल्या कितीजणांची लग्नं ह्या आवाजावर लागली? हात वर करा. बघा. इकडं तुळजापूर, तिकडं उमरगा, खाली कर्नाटकात आळंदपर्यंत लोक लग्नाची तारीख आधी मास्तरांना विचारायचे आणि मग गुरुजींना. मुहूर्त एखादा दिवस मागं-पुढं होतो, मास्तर होत नाहीत. नळदुर्गातल्या निकाहाला मास्तर असे गायचे, की म्हाताऱ्या खाला चिकाच्या पडद्याआडून "वाह बेटा" म्हणायच्या. आळंदला कानडी गायचे. मास्तरांना कानडी येत नाही. ते आळंदकरांना पहिल्याच ओळीला कळलं असणार. पण कुणी कधी बोललं नाही. उलट दर साली बोलावलं. आपली माणसं अशी आहेत, जे माहीत असतं ते बोलत नाहीत. ह्याच्याकडं मला पुढं यायचं आहे.

एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. भूकंप झाला त्यानंतर आपल्याकडं बराच काळ लग्नं नव्हती. मग माकणीकडं पत्र्याच्या शेडमधलं पहिलं लग्न ठरलं. आम्ही कोट घालून गेलो. ढोलवाल्यानं सवयीनं पहिला ठोका दिला आणि शेडमधल्या सगळ्या बायका लेकरं उचलून बाहेर पळाल्या. त्या दिवसांत खालून आलेला कसलाही धक्का कुणाला सोसत नव्हता. नवरीचा बाप हात जोडून म्हणाला, "मास्तर, तुमी आलाव हेच लई झालं. जावा आता." मास्तरांनी ढोल उतरवून गाडीत ठेवला. ट्रम्पेट ठेवले. झांज ठेवली. गुरुलिंगचं क्लॅरिनेट आणि माझा खुळखुळा एवढंच बाहेर राहू दिलं. मग नवरीच्या आत्यांनी आणि मावश्यांनी दळताना म्हणावं इतक्या हळू आवाजात ते गायले. बायका एकेक करून परत आत आल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझं वाद्य ऐकू येतं. मी इतका घाबरलो की ताल सोडला. मास्तरांनी गाता गाता माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या चुकलेल्या तालावर आपलं गाणं आणून ठेवलं. एवढा मोठा माणूस आहे हा.

आणि तेवढाच हट्टी आहे. सत्काराच्या दिवशी हे बोलू नये, पण माइक कुणी नुसता पुसायला उचलला तरी म्हणायचे, "ठेव खाली." शिवराजचा आवाज फुटायच्या वयातली गोष्ट. एका लग्नात पोरानं हौसेनं माइक घेतला. दोन ओळी म्हटल्या. आवाज फुटताना कुणाचा बरा असतो? मास्तर भर मांडवात म्हणाले, "रेडकावानी वरडू नको. देव एका घरात एकच गळा देतो." लोक हसले. मीही हसलो, मास्तर बोलले की हसायचं ही आमची पद्धत. दुसऱ्या दिवसापासून शिवराज मशीनवर. साउंडच्या गाडीत, मोठ्या बोर्डाच्या मागं, कर्ण्यांच्या मधोमध एका पेटीवर बसायचं, जनरेटर बघायचा, बटणं फिरवायची. बाहेरून तो दिसतही नाही. त्यानं परत माइक मागितला नाही.

मास्तर, पुढचं सांगू का? ... अजून पंख्याकडंच बघतायत. नाही असं काही म्हणाले नाहीत. वहिनी? वहिनी म्हणतायत, "सांगा की भावजी, भात गार व्हायलाय."

तर दोन सीझनमागं मास्तरांचा आवाज बसायला लागला. वरची पट्टी फाटायची. खोकला यायचा. मला रात्रंदिवस काळजी. तशी मला कशाचीही लागते, पण ही खरी होती. मग एकाएकी काय झालं कुणास ठाऊक, ऐन हंगामात मास्तरांचा आवाज तरणा झाला! तुम्ही सगळे तेव्हा म्हणत होता, आठवा, "मास्तरांनी काय खाल्लं रं?" मीसुद्धा लोकांना सांगत सुटलो की ज्येष्ठमध आणि आवळा.

माझी जागा मास्तरांच्या डाव्या हाताला, अगदी खांद्याशी. नळदुर्गात, हायवेच्या कडेला वरात चालली होती. दोन्ही बाजूंनी ट्रक अडलेले, ड्रायव्हर खाली उतरून नाचतायत. मास्तर रंगात आलेले. आणि मी काय बघतो? मास्तरांना शिंक आली. चांगली मोठी. नाक पुसलं, उपरणं सारखं केलं. आणि एवढं होईपर्यंत गाणं चालूच! एक शब्द तुटला नाही!

आता तुमच्यासारख्या शहाण्या माणसाला काय कळलं असतं? मला कळलं ते वेगळंच. मला वाटलं, खंडोबाच ह्यांच्या गळ्यातून गातोय. माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी अणदूरला जाऊन भंडारा उधळला, नारळ फोडला. आणि त्या दिवसापासून प्रत्येक वरातीच्या आधी मी मास्तरांच्या पाया पडायला लागलो. मास्तर म्हणायचे, "काय झालंय रं तुला?" मी म्हणायचो, "मास्तर, मला सगळं कळलंय." बिचारे घाबरून इकडंतिकडं बघायचे आणि म्हणायचे, "हळू बोल." मी आणखी खाली वाकायचो.

हसा, हसा. गुरुलिंग तर तेव्हापासून हसतोय.

सबंध सीझन असा गेला. मग माकणीच्या एका लग्नात वरात वळणावर थांबली, मास्तर गातायत, मला तहान लागली. खुळखुळा थांबला तरी कुणाला कळत नाही, हा त्यातला फायदा. गाडीच्या मागं पाण्याचा जार असतो म्हणून मागं गेलो. बोर्डाच्या आड बघतो तर शिवराज पेटीवर बसलाय, डोक्यावरून टॉवेल घेतलाय, डोळे मिटलेत, तपासायचा जुना माइक ओठांना लावलाय आणि गातोय. बाप बाहेर ओठ हलवतोय आणि पोरगा आत गातोय.

आणि मी काय म्हणालो असेन? सांगायला लाज वाटते. मी म्हणालो, "अरे शिवा, देव गायलाय, मधी तू कशाला घुसायलास?"

त्यानं माइकवर हात ठेवला. म्हणाला, "काका, जावा तुमी. ओळ यायलीय."

बँडात सगळ्यांना माहीत होतं. मास्तरांच्या सगळ्यात जवळ मी, आणि सगळ्यात शेवटी मला कळलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं. ते तुम्हालाही माहीत नसेल. पहिल्या वेळी मास्तरांचा आवाज मधेच थांबला होता, आणि लोक माना वळवायच्या आत पुढची ओळ कर्ण्यातून आली. मास्तरांनी मागं वळून बघितलं नाही. ओठ हलवत राहिले. घरी आले. बापलेक जेवायला बसले. त्यावर एक शब्द नाही. तेव्हापासून दोन सीझन नाही. पण मास्तर भाकरी मोडता मोडता वहिनींना म्हणायचे, "आज दुसऱ्या कडव्यात माझा दम लवकर सुटला."

वहिनी म्हणायच्या, "व्हय का?"

"व्हय. वरच्या सुराच्या आदी उगं थोडं थांबाया पायजे हुतं."

शिवराज मान खाली घालून वरण ओढत बसलेला. आणि पुढच्या वरातीत, मंडळी, वरच्या सुराच्या आधी आवाज बरोबर थांबायचा! असं चालायचं. "आज माझे शब्द दातात अडकायले हुते." "आज म्या घाई केली." बोलायचे बायकोशी, शिकत होता पोरगा. जगात असं गुरुकुल दुसरं कुठं असेल का? आम्ही मास्तरांसमोर उभं राहून इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या आणि काही शिकलो नाही. ह्यानं मान खाली घालून जेवता जेवता सगळं घेतलं.

एकदा शिवराजनं गाताना एक जागा स्वतःची घेतली. मास्तरांनी कधीच न घेतलेली. बाहेर मास्तरांचे ओठ आधीच मिटले होते, उघडेपर्यंत ती येऊन गेली. मी शेजारी होतो, मी बघितलं. घरी आल्यावर वहिनींना म्हणाले, "आज माझ्या गळ्यातनं एक नवीच जागा निघाली. कुठनं आली काय की."

वहिनी म्हणाल्या, "बरी हुती का?"

मास्तरांनी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. मग म्हणाले, "बरी हुती."

शिवराज हात धुवायला उठला, तो लवकर आत आलाच नाही.

मग हे ऑपरेशन झालं. मी मास्तरांना भेटायला गेलो. म्हटलं, बँड कशाला मोडता? त्यांनी घोगऱ्या आवाजात सांगितलं, "गाणाराच न्हाय तर बँड कशाचा?"

मी म्हटलं, "आणि शिवा?"

"शिवा मशीन बघतो," म्हणाले आणि कूस बदलली.

मी शिवराजकडं गेलो. तो ट्रकवाल्याशी बोलून आला होता. मी त्याला ओरडलो. मी ओरडलो की लोक पाणी आणून देतात, तसं त्यानंही दिलं. मग म्हणाला, "काका, मला मान नगं, बोर्डावर नाव नगं. आप्पा भिंतीला सांगत्यात, आईला सांगत्यात. एकदा तोंडाकडं बघून म्हणावं, शिवा, तू गातोस. तेवढं बी न्हाय व्हत. मग म्या त्यांच्या आवाजात गाऊ तरी कशाला? ट्रकला हॉर्न असतो, तेवढा पुरे."

वहिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "भावजी, त्यांस्नी लाज वाटायलीय. लोकांस्नी कळलं तर म्हणतील, दोन साल नुसतं तोंड हलवून मान घेतला. त्यापरीस बँड मोडल्याला बरा, असं त्यांच्या मनात बसलंय. बापाला लाज वाटायलीय आणि लेकाला राग आलाय, मधी म्या भाकरी वाढायलेय. तुमीच बोला चारचौघांत. तुमच्या पोटात तसं बी काय ऱ्हात न्हाय."

म्हणून, मास्तर, मी बोललो. झालं. बोलून गेलो. आता जरा टेबल धरतो. मास्तर, लोकांना कळलं तर काय म्हणतील, ही तुमची भीती ना? तर लोक इथंच बसलेत. त्यांनाच विचारू.

मंडळी, मास्तरांच्या जागी शिवराज गातो, हे तुम्हाला आज कळलं का? ज्यांना आज कळलं त्यांनी हात वर करा.

एकही नाही?

अहो, खरं सांगा. अण्णा, तुम्हाला? अध्यक्षसुद्धा मान हलवतायत. तिकडून कोण बोललं? जरा मोठ्यानं. ते पाहुणे म्हणतायत, "माझ्या लेकीच्या लग्नाचा बयाना देताना म्या विचारूनच घेतलं हुतं, पोरगं गाडीत बसणार हाय न्हवं म्हणून!" सरपंचबाई हसतायत. त्या म्हणतायत, "आमच्या गल्लीत तर बायका बोर्डाच्या मागच्या बाजूनं वरात बघत्यात!"

बघा. म्हणजे सबंध तालुक्याला माहीत होतं, आणि सबंध तालुका दोन साल तोंडाला कुलूप लावून बसला, मास्तरांना वाईट वाटू नये म्हणून. आणि मास्तर तालुक्याला कळू नये म्हणून ओठ हलवत राहिले. आणि ह्या सगळ्या शहाण्या लोकांत नारळ फोडला तो एकट्या व्यंकटनं!

मास्तरांनी पंख्यावरची नजर काढली. अध्यक्षांच्या कानात काहीतरी विचारतायत. काय म्हणाले, अण्णा? ... मास्तर विचारतायत, "कवापासनं?"

वहिनी खालून सांगतायत, "पयल्या दिवसापासनं!"

मास्तरांनी सत्काराची शाल तोंडावर घेतली. खांदे हलतायत. हसतायत का रडतायत, मला इथून दिसत नाही. कुणीतरी पाणी द्या. नाही, गार नको, घसा आहे. साधं द्या.

मास्तर, रागावला नसाल तर एकच सांगतो आणि थांबतो. तोंड हलवून मान घेतला असं कुणी म्हणत नाही. तुम्हाला तेव्हाच बसता आलं असतं. गाडीच्या पुढं तुम्ही त्या तापलेल्या कोटात चालत राहिलात, म्हणून मागं अंधारात त्या पोराला गायला जागा झाली. उघड्यावर तुम्ही त्याला गाऊ दिलं नसतं, आणि त्यानंही गायलं नसतं. तुमची दोघांची जातच तशी आहे. पण आता ते ऑपरेशन झालं, ओठ हलवायचं कारणही संपलं. गेटवरचा टेंपोवाला मघापासून दोनदा आत डोकावून गेला. त्याला काय सांगायचं ते माझ्या हातात नाही. शिवराजच्याही नाही. मी खुळखुळेवाला माणूस, मी फक्त आवाज केला.

आता आभार मानून खाली बसतो. अध्यक्षांनी धोक्याच्या पंख्याशेजारी एवढा वेळ काढला, सरपंचबाई कामं टाकून आल्या, कार्यालयाच्या मालकांनी जागा दिली, आचाऱ्यांनी भात तीनदा झाकला, ह्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. तुम्ही सगळ्यांनी माझं लांबलेलं बोलणं गोड मानून घेतलं. बोलताना जीभ घसरली असेल, कुणाच्या मानाला धक्का लागला असेल, मोठ्या माणसाच्या घरातली गोष्ट मी अशी चव्हाट्यावर मांडली, तर सातवी नापास म्हातारा म्हणून पदरात घ्या. वाटेत भेटलात तर तोंडावर बोला, मला परत बांगड्यांच्या दुकानात...

थांबा. मास्तर माझा सदरा ओढतायत.

काय, मास्तर? मोठ्यानं बोलू नका, डॉक्टरांनी सांगितलंय. कानात सांगा, मी सांगतो सगळ्यांना. हां. ... हां.

मंडळी, मास्तर म्हणतायत, "मशीनवर दुसरं कुणीतरी बसवा रं. माझा गाणारा तिकडं काय करायलाय?"